एबीएसची लाईट जाते अन् परत लागते? मॉड्यूल बदलायच्या आधी चाकापाशी बघा

पावसाळा लागला की दरवर्षी ही तक्रार वाढते. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम. मीटरमधली तिची पिवळी लाईट लागली, गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून एरर काढला, आठ-पंधरा दिवस गाडी बरी चालली अन् परत लागली, परत काढला, परत लागली, आणि मग कुणीतरी सांगतं की मॉड्यूल (एबीएसचा कंट्रोलर अन् पंप असलेला डबा) गेलंय, बदलावं लागेल, खर्च पाच आकडी. मी लातुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, अशा गाड्या बाराही महिने येतात, आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: परत परत लागणाऱ्या एबीएसच्या लाईटचं कारण बहुतेक वेळा चाकापाशी सापडतं. चाकाचा स्पीड मोजणारा सेन्सर, त्याची वायर, त्याच्यासमोर फिरणारी रिंग नाहीतर बेरिंग. मॉड्यूल जातच नाही असं नाही, पण ते सगळ्यात शेवटी बघायचं असतं.

आपल्याकडं एबीएसवाल्या गाड्या एकदम वाढल्या त्या २०१९ नंतर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं (१२५ अन् त्याखालच्यांना तेव्हा सीबीएस, म्हणजे पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी साधी सिस्टीम, चालायची), कारलाही साधारण तेव्हापासूनच. त्या गाड्या आता जुन्या झाल्यात, वायरी कडक पडल्यात, बेरिंगं एकदा-दोनदा बदलून झालीत, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये) पाणी शिरलंय, आणि रोज पाणंदीनं, मुरमावरनं, काळ्या रानातल्या चिखलातनं त्या चालतात. त्यामुळं हा त्रास आता घरोघरी यायलाय आणि पुढं अजून वाढणार.

आधी बघा, खरंच बिघाड आहे का

चावी ऑन केली की एबीएसची लाईट लागलीच पाहिजे. कारमध्ये ती काही सेकंदात विझते. बाईकमध्ये मात्र गाडी जागेवर उभी असेपर्यंत ती चालूच राहते आणि गाडी हलून साधारण ५ ते १० च्या स्पीडला गेली की जाते, कारण चाक फिरल्याशिवाय सेन्सर बरोबर आहे का नाही हे सिस्टीमला कळणारच नाही. नवी बाईक घेतलेली कितीतरी पोरं पहिल्याच दिवशी घाबरून शोरूमला परत जातात, तसं काही नसतं. उलट चावी ऑन केल्यावर लाईट लागतच नसेल तर ते जास्त वाईट आहे, म्हणजे कुणीतरी बल्ब काढलाय, वायर तोडलीय नाहीतर मीटरमध्ये काहीतरी केलंय. सेकंड हँड गाडी बघायला गेलात की इंजिन चालू करायच्या आधी एवढं एक नक्की बघा, विकणारा कितीही ओळखीचा असू द्या.

बाईकवाल्यांचं अजून एक. गाडी डबल स्टँडवर लावून इंजिन चालू ठेवून गिअर टाकून चेन साफ करतात, चेनला ऑईल मारतात. आता मागचं चाक फिरतंय अन् पुढचं थांबलेलं, सिस्टीमला वाटतं पुढच्या सेन्सरचा सिग्नलच येईना, म्हणून लाईट लागते. चावी बंद करून परत चालू करा, थोडं अंतर चालवा, जाते. यात बिघाड काही नाही. पण इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावू नका, बोटं जातात, ते एबीएसपेक्षा मोठं नुकसान आहे.

तिसरी गोष्ट, जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, कट-कट-कट आवाज येतो, बाईकचा लिव्हर बोटांना ढकलल्यासारखा वाटतो. हे एबीएस काम करत असल्याचं लक्षण आहे. "ब्रेक तुटला वाटतं" म्हणून माणूस घाबरून पाय उचलतो आणि नेमकं जिथं थांबायचं तिथं गाडी पुढं जाते. घरात जे जे कोण गाडी चालवतात त्या सगळ्यांना हे माहीत पाहिजे, कारण ही थरथर आयुष्यात पहिल्यांदा जाणवते ती नेमकी समोर म्हैस आडवी आल्यावर.

हे काम कसं करतं ते थोडक्यात

ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होऊ शकतं. जाम चाक रस्त्यावर घासत जातं, आणि घासत जाणाऱ्या चाकाला वळण देता येत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाते. टायरची पकड सगळ्यात जास्त कधी असते तर चाक फिरत असतं पण गाडीच्या स्पीडपेक्षा जरा कमी, साधारण १० ते २० टक्के कमी. एबीएस चाकाला त्या हद्दीत ठेवायचा प्रयत्न करतं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाबरोबर फिरणाऱ्या खाचा असलेल्या रिंगवरनं स्पीड मोजतो. एखादं चाक एकदम मंद व्हायला लागलं की कंट्रोलर त्या चाकाचं ब्रेक ऑईलचं प्रेशर अडवतो, गरज पडली तर थोडं सोडतो, चाक फिरायला लागलं की परत देतो, अन् हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. पायाला लागणारी थरथर ती हीच. माणसाचा पाय एवढ्या वेगानं काम करू शकत नाही, आणि चार चाकांसाठी चार वेगवेगळे ब्रेक दाबणं तर शक्यच नाही. कारमध्ये ही गोष्ट १९७८ मध्ये बॉशनं मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणली. आपल्याकडं साध्या गाडीत यायला चाळीस वर्षं गेली.

म्हणजे सगळा खेळ त्या सेन्सरच्या सिग्नलवर आहे. सेन्सर अन् रिंगमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत एक मिलीमीटरच्या आसपास असतं. त्या एवढ्याशा फटीत काय काय शिरू शकतं याचा विचार आपल्या रस्त्यांवर करा, म्हणजे लाईट का लागते ते निम्मं कळेल. सिग्नल गडबडला की कंट्रोलर एबीएस बंद करतो आणि पिवळी लाईट लावून तुम्हाला सांगतो. त्यानं बंद होणं हेच बरोबर आहे, चुकीच्या सिग्नलवर ब्रेक सोडायला लागला तर जास्त घोटाळा.

पिवळी आणि लाल

फक्त पिवळी एबीएसची लाईट असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबले तर चाक जाम होऊ शकतं. पिवळीबरोबर लाल ब्रेकची लाईट पण लागली असेल तर गाडी बाजूला घ्या. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, मग बोनेट उघडून ब्रेक ऑईलची लेव्हल बघा. ऑईल कमी झालेलं असेल तर कुठंतरी गळतंय नाहीतर पॅड घासून संपत आलेत. ऑईल बरोबर असूनही दोन्ही लाईटी राहिल्या तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा ताळमेळ ठेवणारं ईबीडी पण बंद पडलेलं असू शकतं, मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात अन् गाडी गरकन फिरते. अशी गाडी चालवत नेऊ नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा नाहीतर टो करा. "हळूहळू अंबाजोगाईपर्यंत जाऊ" वगैरे करू नका.

आता शोधायचं कसं

गाडी गॅरेजला टाकायच्या आधी स्वतः दोन-तीन गोष्टी आठवून बघा. लाईट कधी लागते, सकाळी सेल मारताना, पाऊस पडल्यावर, वॉशिंग करून आणल्यावर, ठराविक स्पीडला, वळणावर का खड्ड्यात आदळल्यावर? आणि ती पहिल्यांदा लागायच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं? या दुसऱ्या प्रश्नात बहुतेक वेळा उत्तर असतं. बेरिंग बदलली, पंक्चर काढलं, पॅड टाकले, शॉकअपचं काम केलं, टायर बदलले. ज्या चाकाचं काम झालं त्या चाकापासून सुरुवात करायची.

मग स्कॅनर. ऑनलाईन मिळणारा स्वस्तातला छोटा स्कॅनर बहुतेक करून फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे नाही, त्यामुळं "स्कॅनर लावला, काहीच नाही दाखवलं" यावर विश्वास ठेवू नका. एबीएसचे कोड सी अक्षरानं सुरू होतात. सी-००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी-००४० पुढचं उजवं, सी-००४५ मागचं डावं, सी-००५० मागचं उजवं, काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. पण कोड कुठलं चाक ते सांगतो, कारण सांगत नाही. "सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदला" हा सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे, नवा सेन्सर टाकून पण लाईट तशीच राहिलेल्या गाड्या मी कायम बघतो. खरी गोष्ट लाईव्ह डेटात दिसते. एक जण गाडी चालवणार, दुसरा शेजारी बसून स्कॅनरवर चारही चाकांचा स्पीड बघणार. तीन चाकं ३० दाखवतात अन् एक मध्येच शून्य होतं किंवा उड्या मारतं, ते चाक तुमचं. मिस्त्रीला एवढं करायला सांगा आणि कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

चिखल. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत जाऊन बसतो अन् वाळला की सिमेंटसारखा होतो, सेन्सरची फट भरते, वायर त्याच्या वजनानं ओढली जाते. त्यात डिस्क-पॅडची झिजलेली लोखंडी भुकटी असते ती सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटते. उपाय साधा आहे, चाक काढा, सेन्सर काढून मऊ कापडानं अन् ब्रेक क्लीनरनं पुसा, रिंगच्या खाचा मऊ ब्रशनं साफ करा. डिझेलनं, रॉकेलनं धुवू नका, ते पॅडला लागलं तर ब्रेकच जातील. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट सेन्सरवर अन् कपलरवर मारू नका म्हणून सांगा. आणि सेन्सर भोकात गच्च बसला असेल तर हातोडी मारून काढायचा प्रयत्न केला की तो तुटतोच, आधी गंज सोडवायचा स्प्रे मारा अन् थांबा.

बेरिंग. यावर जरा जास्त लिहितो कारण इथंच सगळ्यात जास्त पैसे जातात. आपले रस्ते असे की बेरिंग लवकर वाजायला लागते, मग आपण जवळच्या फिटरकडं जाऊन बदलतो. आता बऱ्याच नव्या कारमध्ये दात असलेली लोखंडी रिंग नसतेच, बेरिंगच्याच एका बाजूला काळी-तपकिरी चपटी चुंबकी पट्टी असते, सेन्सर ती वाचतो. ती बाजू आत, सेन्सरकडं आली पाहिजे. जुन्या पद्धतीनं काम केलेल्या फिटरला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तो उलटी ठोकतो, चाक अगदी मस्त फिरतं, आवाज पण जातो, फक्त एबीएसची लाईट लागते. मग सेन्सर बदलतात, वायर बदलतात, मॉड्यूलपर्यंत जातात, अन् बेरिंग तशीच उलटी. टाचणीचं टोक हलकं लावून बघितलं तर चुंबकी बाजू कळते. त्या पट्टीवर ड्रिफ्ट (ठोकायचा लोखंडी दांडा) ठेवून हातोडी मारली तरी ती मरते, बेरिंग प्रेसवरच बसवायची. आणि बेरिंग ढिली झाली असेल तर चाक डगमगतं, फट कमी-जास्त होते, म्हणून लाईट फक्त वळणावर नाहीतर खड्ड्यात लागते. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवून बघा, खेळ लागला की कळलं.

पंक्चर. हे बाईकवाल्यांचं. गावाकडच्या पंक्चरच्या दुकानात चाक खोललं की ते डिस्क अन् रिंगच्या बाजूनं जमिनीवर आडवं टाकतात, वर पाय देऊन टायर लिव्हर मारतात. रिंग पत्र्याची असते, जराशी वाकली तरी चाक फिरताना एकदा जवळ एकदा लांब होते. दुसरं म्हणजे चाक परत बसवताना बुश इकडचा तिकडं होतो, सेन्सरची वायर क्लिपमध्ये न घालता तशीच सोडतात, ती टायरला नाहीतर चेनला घासून तुटते. पंक्चरवाल्या मामांना चाक काढायच्या आधीच सांगा की रिंगची बाजू वर ठेवा, सेन्सर आधी सोडवून बाजूला बांधा. ते ऐकतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. झाल्यावर चाक हातानं फिरवून रिंग अन् सेन्सरमधली फट पूर्ण फेरीत सारखी राहते का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उंदीर. सोयाबीन, हरभरा घरात आला की उंदीर पण येतात, गाडी शेडमध्ये त्याच्याच शेजारी उभी. बोनेटखालच्या वायरी कुरतडतात, पण चाकाकडं जाणारी सेन्सरची वायर पण सोडत नाहीत. ती दोनच तारांची बारीक वायर असते, बाहेरून कुरतडल्याचं चटकन दिसत नाही, आत पाणी जातं अन् तांबं हिरवं पडतं, मग लाईट फक्त पावसात लागते. अशी वायर पीळ मारून टेप गुंडाळून जोडू नका, स्टिअरिंगबरोबर ती रोज वाकते, सांधा महिन्याभरात सुटतो. सोल्डर मारा, वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) घाला, आणि शक्य असेल तर सांधा वाकणाऱ्या जागेपासून लांब घ्या. जागाच तशी नसेल तर पूर्ण वायर बदला.

बॅटरी. सकाळी सेल मारल्याबरोबर एबीएसची, कधी स्टिअरिंगची पण लाईट लागते अन् नंतर आपोआप जाते, असं असेल तर आधी बॅटरी बघा. सेल मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की कंट्रोलर कोड साठवतो. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी अन् अर्थिंगची ढिली वायर पण तपासा. फ्यूज एकच बघून सोडू नका, एबीएसला सहसा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात, पंपाचा मोठा वेगळा, कंट्रोलरचा वेगळा.

अजून एक प्रकार आहे ज्यात लाईट लागतच नाही, पण हळू थांबताना, म्हणजे स्पीड दहाच्या आसपास आल्यावर, कोरड्या चांगल्या रस्त्यावर पेडल थरथरतं अन् गाडी हातभर पुढं जाते. एक्सलवर दात असलेली लोखंडी रिंग असलेल्या गाडीत हे दिसलं तर त्या रिंगला तडा गेलाय का बघा. आतून गंज फुगतो अन् रिंग फुटते, फेरीत एका जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं, कमी स्पीडला सिस्टीमला वाटतं चाक जाम झालं. लाईट नाही म्हणून गॅरेजवाले "असंच असतं" म्हणतात. असं नसतं. सिग्नलला थांबताना ब्रेक सुटणं म्हणजे पुढच्या मोटारसायकलवाल्याला धडक.

टायर एकाच मापाचे आहेत का, ब्रेक दाबल्यावर मागची ब्रेक लाईट लागते का (ब्रेकच्या स्विचमुळं पण काही गाड्यांत एबीएसची लाईट येते), हे पण बघून घ्या. सेन्सर मल्टिमीटरनं तपासायचा असेल तर आधी तो कुठल्या प्रकारचा ते माहीत करून घ्या. जुन्या दोन तारांच्या कॉईलवाल्या सेन्सरचा ओहम मोजता येतो, साधारण हजाराच्या आसपास कमी-जास्त येतो अन् चाक फिरवलं की थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरला तसं मोजून काही कळत नाही, उलट खराब होऊ शकतो. एवढं सगळं बघून, वायर कंट्रोलरपर्यंत तपासून, तरी कोड जात नसेल तेव्हा मॉड्यूलचं नाव काढा. मॉड्यूलच्या कामात ब्रेक ऑईलच्या लाईनी सुटतात, त्यात हवा शिरते, आणि आतली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरूनच पंप चालवावा लागतो, नुसता पेडल मारून नाही निघत. काम झाल्यावर पेडल स्पंजसारखं लागलं तर गाडी ताब्यात घेऊ नका. आणि ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ४ ऑईलचा (हा ब्रेक ऑईलचा एक प्रकार) उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. कन्नड घाट उतरताना ब्रेक तापलेले असतात तेव्हा हा फरक पायाला कळतो.

दुरुस्ती झाल्यावर लाईट काही गाड्यांत लगेच जात नाही, थोडी चालवावी लागते. मग एखादं मोकळं मैदान बघा, आजूबाजूला माणूस-जनावर नको, ओला मुरूम असेल तर उत्तम, कारमध्ये ३०-४० चा स्पीड घेऊन ब्रेक पूर्ण दाबा. थरथर आली, गाडी सरळ राहिली, चाकाचा लांब ओरखडा पडला नाही, तर काम झालं. घरातल्या नवीन चालवणाऱ्याला पण हे एकदा करायला लावा. बाईकवर मात्र पुढच्या ब्रेकचा असा प्रयोग मुरमावर करू नका.

रस्त्यावर वापरताना

कारमध्ये अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक पूर्ण दाबा, मॅन्युअल गाडी असेल तर क्लच पण दाबा म्हणजे इंजिन बंद पडून स्टिअरिंग जड होणार नाही, पाय उचलू नका, आणि जिकडं जागा आहे तिकडं बघत स्टिअरिंग वळवा. जीप, ट्रॅक्टर चालवून शिकलेली आपली जुनी माणसं ब्रेक मारत-सोडत, मारत-सोडत जातात. त्यांच्या गाडीला तेच बरोबर होतं, कारण एबीएसचं काम ते पायानं करत होते. एबीएसवाल्या गाडीत तसं केलं तर प्रत्येक वेळी पाय उचलला की तेवढं अंतर फुकट जातं. काकांना, आबांना हे सांगताना त्यांची चूक काढू नका, गाडी बदललीय एवढंच सांगा.

पण एबीएस म्हणजे गाडी जागेवर थांबते असं समजू नका. हिशोब बघा. ८० च्या स्पीडला कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण ३६ मीटर लागतात, ओल्यावर ६० च्या वर जातात. आणि डोळ्याला दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढं गेलेली असते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथं कोरड्यात हेच सगळं मिळून ११० मीटरच्या पुढं जातं. मुरूम, खडी, वाळू पसरलेल्या रस्त्यावर तर एबीएसवाली गाडी जाम चाकापेक्षा लांब जाऊन थांबू शकते, कारण जाम चाक पुढं खडीचा ढीग गोळा करतं अन् तो गाडी अडवतो, फिरतं चाक त्याच्यावरनं निघून जातं. तिथं स्टिअरिंग हातात राहतं हा फायदा आहे, थांबायचं अंतर मात्र स्पीड कमी ठेवूनच मिळतं.

आणि ऊस. कारखाने चालू झाले की दिवाळीच्या पुढं उन्हाळ्यापर्यंत लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, ऊस बाहेर लोंबतोय. डिपरवर तुम्हाला साधारण चाळीस-पन्नास मीटर पुढचं नीट दिसतं. वरचा हिशोब परत वाचा, ८० ला तुम्ही त्या ट्रॉलीच्या आधी थांबूच शकत नाही, एबीएस असो का नसो. एबीएस तुम्हाला एकच गोष्ट देतं, पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही बाजूनं काढता येतं. ती पण बाजूला जागा असली तर, अन् साईडपट्टी एक फूट खाली असेल तर तिथं चाक उतरून गाडी उलटते. त्यामुळं हंगामात रात्री साठच्या आत राहा, समोरून कुणी नसेल तिथं अप्पर लावा. ट्रॉलीवाल्या भावांनो, तुमच्या ट्रॉलीला बऱ्याचदा स्वतःचे ब्रेक पण नसतात, निदान मागं रेडियमची पट्टी तरी लावा.

बाईकवर पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक एकदम लावा, झटका देऊन नाही तर दाबत दाबत वाढवा, गाडी सरळ असताना. वळणात झुकलेली असताना साधं एबीएस तुम्हाला वाचवेलच असं नाही, टायरची पकड वळण्यातच खर्च झालेली असते, ब्रेक वळणाच्या आधीच मारायचा. आणि तुमची गाडी सिंगल चॅनल आहे का डबल ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. सिंगल चॅनलमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक जाम होतं अन् शेपूट हलवतं. मागच्या चाकाला रिंग दिसली म्हणून डबल चॅनल असेलच असं नाही, काही सिंगल चॅनल गाड्यांत मागचा सेन्सर फक्त पुढचा ब्रेक मारल्यावर मागचं चाक उचलायला नको म्हणून दिलेला असतो.

पार्ट येईपर्यंत

सेन्सर नाहीतर बेरिंग लातुरात मिळाली नाही तर पुण्याहून, संभाजीनगरहून मागवावी लागते, तोवर पिवळी लाईट घेऊन चालवायची वेळ येते. तेवढे दिवस गाडीला एबीएस नाहीच असं धरून चालवा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, ओल्या रस्त्यावर स्पीड आधीच कमी करा, आणि जोरात ब्रेक मारल्यावर चाक घासल्याचा आवाज आला तर पाय किंचित सैल करून परत दाबा, म्हणजे स्टिअरिंग परत हातात येईल. घरातली दुसरी माणसं ती गाडी नेणार असतील तर चावी देतानाच त्यांना सांगा. लाईट दिसू नये म्हणून एबीएसचा फ्यूज काढून ठेवणं, मीटरवर टेप लावणं, हे कुणालाही करू देऊ नका. कुणी केलेलं आढळलं तर मिस्त्री बदला.